शेवग्याचे नातेवाईक

गायधनी सरांच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला गेले तेव्हा मला वाटले, आपण चुकून कुणाच्या तरी डोहाळजेवणाला आलो. सूक्ष्मदर्शके एका कडेला सारलेली आणि टेबलाच्या मधोमध स्टीलच्या वाट्या मांडलेल्या. एकीत मोहरी, दुसरीत मुळ्याच्या चकत्या, तिसरीत अळीव आणि चौथीत कसल्याशा मुळाचे पांढरट तुकडे. पांढरा कोट घातलेले सर यजमानासारखे उभे होते.

"घ्या, लाजू नका," ते म्हणाले. "चिमटीएवढं घ्यायचं, चावायचं, जिभेवर घोळवायचं आणि तिकडे बेसिनमध्ये थुंकायचं. गिळलंत तर मी ओळख देणार नाही."

मोहरी नाकात गेली. मुळा नाकात गेला. अळीव जरा उशिराने, पण नाकातच गेला. चौथ्या वाटीतल्या तुकड्याने तर डोळ्यांतून पाणी काढले. सरांचा चेहरा खुलला.

"मिरची कुठे लागते?" त्यांनी विचारले.

"जिभेला. घशात."

"आणि हे?"

"नाकात, सर."

"म्हणजे हे तिखट निराळं. हे मोहरीच्या घरचं तिखट. मोहरी, मुळा, अळीव एकाच कुलातले, हे पुस्तकात आहे. आता चौथा पाहुणा कोण ते सांगा."

कुणी म्हणाले जून मुळा, कुणी म्हणाले आले. मी सिन्नरहून एसटीने येणारी, शेतावर वाढलेली, मला ओळखायला हवे होते. पण शेवग्याच्या शेंगेपलीकडे शेवग्याला काही असते असा विचार आमच्या घरात कुणी केला नव्हता. सरांनी टेबलाखालून शेवग्याचे मुळासकट उपटलेले रोप काढले आणि नवरदेव दाखवावा तसे सगळ्यांना दाखवले.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. नाशिकच्या आमच्या कॉलेजात सर वनस्पतिशास्त्र शिकवत. उंचीने बेताचे, डोक्यावर केस बेताचे, आवाज मात्र गोदावरीच्या पलीकडे जाईल असा. त्यांचे एक वाक्य आमच्या सगळ्या बॅचला पाठ होते : "पुस्तकाला विचारा, डोळ्याला विचारा, आणि शेवटी जिभेला विचारा." त्याला जोडून ते लगेच ताकीद देत, "ओळख पटल्याशिवाय जीभ लावायची नाही. धोतरा, कण्हेर आपल्याला परत विचारत नाहीत." कुणीतरी एकदा म्हणाले, सर, ओळख पटवायलाच जीभ लावायची आणि ओळख पटल्याशिवाय लावायची नाही, हे कसे? सर म्हणाले, "सूनमुख आधी बघतात, स्वभाव मागनं कळतो. तसं."

शेवग्याचे कुल म्हणजे झाडांच्या जगातले अगदी लहानसे घर. त्यात प्रजाती एकच आणि जाती साऱ्या जगात जेमतेम डझनभर. आपल्याकडे दोन. एक आमटीतला शेवगा, दुसरा डोंगरातला रानशेवगा. पण एवढ्याशा घराने मोठमोठ्या पंडितांना दमवले होते. शेंग बघून वाटावे, हा वाटाण्या-घेवड्याचा कुणीतरी. पण वाटाण्याची शेंग दोन फाकांची आणि याची तीन. फुलावर जावे तर तेही तसेच चकवणारे. आम्ही शिकत होतो त्या जुन्या इंग्रजी पद्धतीत सगळ्या कुलांची बसण्याची व्यवस्था झाल्यावर शेवगा हातात उरला होता. मग त्याला 'विसंगत' असा शेरा मारून एका गटाच्या शेपटाशी उभे केले होते. परीक्षेत हेच लिहायचे होते.

सरांना ते सहन होत नसे. "विसंगत म्हणजे काय? आपल्याला नातं सापडलं नाही, म्हणून तो विसंगत?" असे म्हणून ते खडू आपटत. "चेहरे बघून नाती जोडणाऱ्यांनी लग्नात पंगती वाढाव्यात, वर्गीकरण करू नये."

या शेवग्यापायी सर डॉक्टर व्हायचे राहिले होते. तरुणपणी त्यांनी पीएच.डी.ला हाच विषय घेतला होता : शेवग्याचे कुल मोहरीच्या कुलाजवळ बसवावे. बाहेर काही लोक तसे म्हणत होतेही, पण सरांचा मुख्य साक्षीदार त्यांची जीभ. मार्गदर्शकांनी कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाले, "गायधनी, हे वनस्पतिशास्त्र आहे, पाककला नाही. चवीचं प्रकरण काढून टाका, बाकीचं मी बघतो." सरांनी चवीचे प्रकरण काढले नाही, मार्गदर्शकच सोडले. दुसरे कुणी त्यांना घेईना. बरोबरीचे लोक विभागप्रमुख झाले, सर वाट्या मांडत राहिले. हे सगळे मला काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, सांगितले. तेही त्यांच्याच देखत, शेंगा सोलता सोलता. "एक प्रकरण काढलं असतं तर काय बिघडलं असतं? माझ्या भाजीतून मी रोज काहीतरी काढतेच की यांच्यासाठी," त्या म्हणाल्या. सर वर्तमानपत्राआडून म्हणाले, "भाजी परत करता येते. शेवगा एकदा चुकीच्या घरी दिला की दिला."

ते हसत बोलले. पण मला तेव्हाच कळले की या माणसाला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी आहे. मरायच्या आधी शेवग्याचे घर कुठले ते कळावे, एवढेच.

पंचवटीच्या भाजीबाजारात सरांबरोबर जाणे म्हणजे जिवाची परीक्षा असे. ते मुळ्याचे शेपूट तोडून चावत, मोहरीच्या भाजीचे पान चुरगाळून हुंगत, कोबीच्या देठाची चौकशी करत. एक भाजीवाली त्यांना लांबून बघूनच टोपलीवर फडके ओढायची. "मास्तर, घ्यायचा आसंल तर घ्या," ती एकदा म्हणाली, "चावून चावून निम्मा मुळा तुमीच सपवला. गिऱ्हाइकाला काय पाला देऊ?" सरांनी मुकाट्याने आख्खी जुडी विकत घेतली आणि बसस्टॉपपर्यंत जाताना ती जुडी सगळ्या विद्यार्थ्यांत वाटून टाकली. आम्ही मुळे धरून उभे आणि सर मध्ये. येणारे-जाणारे आम्हाला मोर्चा समजत होते.

असा हा सगळे चाखणारा माणूस एका फळाचे नावही काढू देत नसे. पपई. लहानपणी त्यांना कावीळ झाली होती आणि आत्याने महिनाभर सकाळ-संध्याकाळ पपई चारली होती. तेव्हापासून पपई दिसली की त्यांचा चेहरा आंबायचा. काकूंना पपई आवडायची, पण घरात आणायची सोय नाही. त्या माहेरी जाऊन खाऊन येत.

आमच्या अभ्यासक्रमात मिऱ्यातली भेसळ ओळखायचे एक प्रात्यक्षिक होते. लबाड व्यापारी मिऱ्यांत पपईच्या वाळलेल्या बिया मिसळतात. दिसायला सारख्याच काळ्या, सुरकुतलेल्या. मिश्रण पाण्यात टाकायचे. मिरी तळाला जाते, पपईची बी तरंगते. दर वर्षी हे प्रात्यक्षिक व्हायचे आणि दर वर्षी सर तेवढ्या वेळात खिडकीशी जाऊन उभे राहायचे. "तरंगतायत ना? लिहा, संपवा," असे तिकडूनच म्हणायचे. त्या दिवशी जिभेचा उल्लेख नाही, वाट्या नाहीत. आम्हाला त्याची गंमत वाटायची. त्याहून जास्त काही आम्हा कुणालाच वाटले नाही.

घरीही पपईने त्यांची पाठ सोडली नव्हती. गंगापूर रोडच्या बाजूला त्यांचे छोटे घर होते. अंगणात अर्थात शेवगा. शेजारी बोरस्ते अण्णा राहायचे. लासलगावला कांद्याच्या व्यापारात आयुष्य घालवून, आडत मुलाकडे सोपवून नाशिकला आलेले. मन मोठे, आवाज त्याहून मोठा. अण्णांनी नेमकी सामाईक भिंतीलगत पपई लावली आणि ती वाकली सरांच्या अंगणाकडे. पिकलेली पपई इकडे पडली की सर ती वर्तमानपत्रात धरून, मेलेला उंदीर न्यावा तशी, भिंतीवर नेऊन ठेवत. पहिल्यांदा अण्णांना वाटले, शेजारी फार प्रामाणिक आहे. त्यांनी कौतुकाने पपई कापून ताटलीतून पाठवली. ताटली झाकलेली तशीच परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला अण्णा फाटकात उभे राहून म्हणाले, "सर, आमचं काय चुकलं काय? लय गोड हाय हो. का आमच्या घरचं तुमाला चालत नाय?"

सरांनी खरे कारण सांगायला हवे होते. पण पन्नाशीच्या प्राध्यापकाने आत्या आणि कावीळ कुठून काढायची? ते म्हणाले, "तसं नाही. आम्हाला लागत नाही." अण्णांनी मान हलवली आणि आत गेले. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणे उरले नाही. पपया पडत राहिल्या, भिंतीवर जात राहिल्या. काकूंना त्याचे फार वाईट वाटायचे. त्यांना पपई आणि शेजार दोन्ही हवे होते.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके विचारले, "शेवग्याच्या कुलाचं स्थान सांगा." मी म्हणाले, "पुस्तकात विसंगत, सर. आमच्या मते मोहरीजवळ." परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिले. "आमच्या म्हणजे कुणाच्या?" मी गायधनी सरांकडे पाहिले. सर उठले, कपाटातून वाटी काढली आणि परीक्षकांपुढे धरली. "मुलीचे मार्क कापायचे तर कापा. पण आधी हे चावा." परीक्षक भिडस्त होते, त्यांनी चावले. नंतर बराच वेळ रुमालात तोंड लपवून ते बसले होते. मला चांगले मार्क मिळाले. ते उत्तराचे होते की परीक्षकांना लवकर सुटायचे होते म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे मीही वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक झाले. सर निवृत्त झाले. दोन हजार साल उलटल्यावर आम्हा प्राध्यापकांसाठी पुण्याला एक उजळणी वर्ग होता. दुपारच्या जेवणानंतरचे व्याख्यान, निम्मा वर्ग पेंगलेला. वक्ते सांगत होते की आता फूल-पान बघून नव्हे, तर पेशीतल्या डीएनएची जुळणी करून कुलांची नाती ठरवायला लागले आहेत आणि बरीच जुनी घरे मोडून नवी बसली आहेत. पडद्यावर एक तक्ता आला, फांद्याफांद्यांचा. मी सवयीने शेवगा शोधला. तो मोहरीच्या गणात होता! मोठ्या घराच्या अंगणात, विसंगत वगैरे काही नाही. मी बाकावरच जवळजवळ उभी राहिले. मग शेवग्याच्या डहाळीला अगदी चिकटून, त्याच जोडातून फुटलेली दुसरी डहाळी दिसली. तिच्यावरचे नाव वाचले आणि मी मटकन खाली बसले. पपई होती.

तक्त्याची झेरॉक्स घेऊन मी पुढच्या रविवारी सरांकडे गेले. ते व्हरांड्यात बसले होते, तब्येत उतरलेली. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मोहरीच्या गणावर बोट ठेवले. सरांनी चष्मा पुसला, वाचले, पुन्हा पुसला, पुन्हा वाचले.

"काकूंना हाक मार," ते म्हणाले.

काकू हात पुसत आल्या. मी त्यांना समजावून सांगितले की सरांचे म्हणणे खरे ठरले, सगळ्या जगाने मान्य केले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता यांना करतील का डॉक्टर?"

"नाही हो काकू."

"मग उशीरच केला की मेल्यांनी," असे म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. सर मात्र लहान मुलासारखे हसत होते. ते बोट फिरवत फिरवत शेवग्याच्या डहाळीपाशी आले आणि थांबले. हसू गेले.

"हे काय छापलंय?"

"पपई, सर. सगळ्यांत जवळचं कुल. मोहरीपेक्षाही जवळचं."

"कोण म्हणतं?"

"डीएनए म्हणतो."

"चूक असेल. पपईचा काय संबंध? माझी जीभ असं म्हणत नाही."

मी त्यांची विद्यार्थिनी होते. त्यांनीच शिकवलेले माझ्या तोंडून निघून गेले. "जिभेला विचारलंत का, सर?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. सर समोरच्या शेवग्याकडे पाहत होते, मग भिंतीवरून वाकलेल्या पपईकडे. मला वाटले, आता रागावतील. पण ते अगदी हळू म्हणाले, "मिऱ्यात पपईचीच बी का घालतात गं, मंगल?"

"दिसायला सारखी असते म्हणून."

"दिसायला सारख्या शंभर बिया मिळतील. तिखट लागते म्हणून घालतात. दर वर्षी माझ्यासमोर पाण्यावर तरंगत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होतो." ते काठी घेऊन उठले. "चल."

"कुठे?"

"शेजारी. आपल्याकडे कुठे आहे पपई?"

झाडाची एक पिकलेली पपई त्याच सकाळी सरांच्याच अंगणात पडलेली होती, हात लांबवला असता तर मिळाली असती. ते माझ्या लक्षात आले, त्यांच्याही आले असणार. पण सर फाटक उघडून रस्त्यावरून वळसा घालून अण्णांच्या दाराशी गेले. अण्णा झोपाळ्यावर होते. सरांना दारात बघून ते उठलेच नाहीत, नुसते बघत राहिले.

"अण्णा," सर म्हणाले, "एक पपई मागायला आलोय. तुमचं काही चुकलं नव्हतं. लहानपणी मला कावीळ झाली होती. आत्यानं महिनाभर हीच चारली. तेव्हापासून बघवत नाही. एवढंच कारण होतं. सांगायची लाज वाटली."

अण्णा घर हादरेल असे हसले. "आवो सर! येवढंच व्हतं? आन् आमी इकडं इतकी वर्षं येडे झालो! आमची मंडळी म्हनायची, मानूस वाईट नाय, पर आपल्याला हलकं समजतो." त्यांनी आत हाक मारली, "ए, विळी आन. सर पपई खानार हायेत!"

पपई कापली. सरांनी गराकडे पाहिलेही नाही. त्यांनी एक काळी, ओली बी उचलली, तिच्यावरची बुळबुळीत साल नखाने काढली आणि मला म्हणाले, "तूही घे. साक्षीदार हवा." आम्ही दोघांनी बिया दातांखाली धरल्या.

नाकात गेली. थेट नाकात.

सरांचे डोळे भरून आले. तिखटाने की कशाने, ते मी विचारले नाही. अण्णा घाबरून पाणी घेऊन धावले, त्यांना वाटले सरांना सोसली नाही. सर हातानेच नको म्हणाले. बराच वेळ जिभेवर ती चव घोळवत बसले. "सख्खी आहे गं," ते शेवटी म्हणाले. "सख्खी बहीण. भिंतीपलीकडे उभी होती आणि मी तिला वर्तमानपत्रात धरून परत करत होतो."

त्यानंतर सर तीन-चार वर्षे होते. मी नाशिकला असेन तेव्हा जायची. सर आणि अण्णा झोपाळ्यावर बसलेले असायचे, सर बोलायचे, अण्णा "व्हय का?" म्हणायचे आणि पुन्हा आपल्या कांद्याच्या भावाकडे वळायचे. आता माझ्या पहिल्या प्रात्यक्षिकाला वाट्या पाच असतात, आणि चाखायच्या आधी मी प्रत्येकाला विचारते, तुला काय आवडत नाही? जे आवडत नाही ते आधी चाख.

सर गेल्याचे कळले तेव्हा मी भेटायला गेले. काकू शांत होत्या. आम्ही व्हरांड्यात बसलो. भिंतीपलीकडून अण्णांनी पाठवलेली ताटली मध्ये होती, पपईच्या फोडींची. काकूंनी एक माझ्या हातावर ठेवली.

"शेवटपर्यंत आवडली नाही हो त्यांना," त्या म्हणाल्या. "पण रोज जेवणानंतर एक फोड खायचे. नाक मुरडायचे, डोळे मिटायचे आणि गिळायचे. मी म्हणायची, अहो, कशाला जिवाला त्रास? तर म्हणायचे, घरातली आहे. आवडत नाही म्हणून टाकून कसं चालेल?"